ओल्या वाकळेचे माप

एकदा एक गुळाचा व्यापारी आपल्या वडिलांच्या नावाने कुस्तीचे मैदान बांधायला निघाला.

वडील त्यांच्या काळचे नामांकित मल्ल होते. रावजी पैलवान असे नाव निघाले की गावातली म्हातारी माणसे आजही सरसावून बसत. त्या काळी कुस्त्या नदीकाठच्या एका खोलगट जागेत होत. मधोमध तांबड्या मातीचा हौद, एका अंगाला नदीचा जुना दगडी घाट, उरलेल्या तिन्ही अंगांना मातीचा उतार. लोक घाटाच्या पायऱ्यांवर बसत, उतारावर उभे राहत आणि दोन्हीकडे जागा उरली नाही की वरच्या कडेच्या जुन्या चिंचेवर चढत. त्याच हौदात एका दसऱ्याला रावजींनी तीन गावचे तीन मल्ल लागोपाठ चीत केले होते. व्यापारी तेव्हा आईच्या कडेवर होता. त्याला त्यातले काही आठवणे शक्य नव्हते. पण गावाने ते इतक्या वेळा सांगितले होते की, आपण ते पाहिले आहे असेच आता त्याला वाटे.

मैदान बांधण्यासाठी त्याने ज्या तरुणाला बोलावले, तो याच गावचा होता. लहानपणी तो एका वृद्ध पाथरवटाच्या हाताखाली दगड घडवायला शिकला होता. गाव त्या वृद्धाला आबा म्हणत असे. नदीवरच्या कित्येक पायऱ्या आबांनी पुन्हा बसवल्या होत्या, आणि पुरात त्यांतली एकही हललेली कुणी पाहिली नव्हती. या शिष्याला दूरदेशी धाडले तेही आबांनीच. निघताना ते म्हणाले होते, "हातानं येतं तेवढं मी दिलं. आता डोक्यानं येतं ते शिकून ये."

तो शिकला. तिथली भव्य क्रीडांगणे त्याने पाहिली, त्यांच्या नकाशांवर काम केले. तिथेच राहा, असा आग्रहही त्याला झाला. पण बांधायचे तर आपल्या माणसांसाठी, हा एकच ध्यास घेऊन तो परतला होता. व्यापाऱ्याचे मैदान हे त्याचे पहिले काम. ते साधले नसते तर, एवढे शिकून आलास ते कशासाठी, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

नकाशा पुरा झाला तेव्हा तो आधी आबांकडे गेला. अंगणात कागद पसरून समजावू लागला. गोलाकार बांधणी, चहूबाजूंनी उंच भिंत, एकच भव्य दार. आत पायऱ्यांच्या एकवीस रांगा, प्रत्येक पायरी एक हात आणि चार बोटे रुंद. सर्वांत वरच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून थेट हौदात पडेल, असे त्याचे गणित होते.

"आणि आबा, फेट्याचीही उंची धरलीय," तो म्हणाला. "तिथं डोक्याची धरतात. मी फेट्याची धरली."

याचा त्याला फार अभिमान होता.

आबांनी नकाशावर बोट फिरवले. "कुस्त्या वर्षातनं किती दिवस असत्यात?"

"दसऱ्याचे दोन, जत्रेचा एक. तीन दिवस."

"आणि बाकीचे दिवस?"

"तालमीची मुलं सरावाला येतील, त्यांच्यापुरतं उघडायचं. एरवी कुलूप. नाहीतर जनावरं शिरतील, घाण होईल. जपायला नको का?"

आबांनी कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली. "रेघा स्वच्छ आहेत," एवढेच ते म्हणाले.

शिष्याला ती शाबासकी वाटली.

काम नदीकडच्या बाजूने सुरू झाले. जुन्या घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर भिंत आली. तिच्या आत नव्या एकवीस पायऱ्या चढत गेल्या. एक बाजू उन्हाळ्यानंतर पुरी झाली. उरलेल्या बाजू पुढच्या दसऱ्यापर्यंत व्हायच्या होत्या, पण व्यापाऱ्याला धीर निघेना. त्याने उरलेल्या बाजूंना तात्पुरते काटेरी कुंपण घालून दार बसवून घेतले, दारावर वडिलांचे नाव कोरून घेतले, राखणदार नेमला. भाद्रपद सरत आला असताना त्याने वस्तादांना आणि तालमीच्या लोकांना मैदान पाहायला बोलावले.

आबांनाही निरोप होता. ते मात्र वेळेवर आले नाहीत.

वस्ताद हौदाच्या पाया पडले, मूठभर माती कपाळाला लावली आणि पायरीवर जाऊन बसले. बसले म्हणजे, आयुष्यभर बसत आले तशी मांडी घातली. पायरी अरुंद, मांडी पुढे आली आणि त्यांचा गुडघा खालच्या रांगेतल्या माणसाच्या मानेला टेकला.

"अहो साहेब," वस्तादांनी हाक दिली, "ही पायरी हाय का फळकूट? माझा गुडघा ह्याच्या कानात जातोय!"

खालचा म्हणाला, "जाऊ द्या वस्ताद, त्या कानानं मला तसंबी ऐकू येत नाही."

हशा पिकला. शिष्यही हसला. "पाय खाली सोडून बसा की, वस्ताद."

"पाय सोडून दवाखान्यात बसत्यात. कुस्ती बघायला मांडी लागती."

शेवटी वस्तादांनी पाय सोडले, आणि ती गोष्ट तेवढ्यावरच राहिली. हलगी कडाडली. दोन मल्लांनी हौदात सलामी दिली, खडाखडी सुरू झाली. वरच्या रांगेतून प्रत्येक पकड, प्रत्येक डाव स्वच्छ दिसत होता. व्यापाऱ्याने समाधानाने मान डोलावली. शिष्याच्या मनात आले, आता आबा इथे हवे होते.

तेवढ्यात दाराशी गलका झाला.

"आबा, ओलं घेऊन आत न्हाई! आबा, मालकाचा हुकूम हाय!" राखणदार ओरडत होता आणि त्याच्यापुढे आबा चालत येत होते. त्यांच्या खांद्यावर एक भली थोरली ओली गोधडी होती. तिचे पाणी त्यांच्या धोतरावरून निथळत होते, नव्या फरशीवर ओली वाट उमटत होती. ओझ्याने म्हातारा एका अंगाला कलला होता.

कुणाकडे न पाहता आबा पायऱ्या चढले. पाच-सहा पायऱ्या वर जाऊन त्यांनी गोधडी खांद्यावरून उतरवली आणि पसरू लागले. पायरी एक हात चार बोटांची, गोधडी तीन हातांची. एक कड टेकली तर दुसरी खाली लोंबे. ती वर ओढली की सबंध गोधडी घसरून खालच्या पायरीवर ढीग होऊन पडे. तिसऱ्या वेळी ती जी घसरली ती सरळ खालच्या रांगेत बसलेल्या व्यापाऱ्याच्या पाठीवर.

हलगी थांबली. हौदातल्या मल्लांनी एकमेकांचे हात सोडले आणि वर पाहू लागले.

"आबा!" व्यापारी उठला. त्याचा कडक इस्त्रीचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता. "हे काय चाललंय तुमचं?"

"वाळत घालतोय," आबा म्हणाले.

"इथं?"

"मग कुठं? परवा घट बसायचे. जिथं वाळायची, तिथं तुम्ही भिंत घातलीत."

घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर धुवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. वर्षभराच्या गोधड्या, ज्यांना त्या गावात वाकळ म्हणतात, त्या दिवसांत नदीवर जातात. ओली वाकळ एकट्याने सहसा उचलत नाही. घरी नेऊन दांडीवर घातली तर दांडी वाकते. म्हणून ती नदीकाठीच वाळवायची. तिथे सबंध गावाला पुरेल असे उन्हाचे रुंद अंथरूण एकच होते: जुन्या घाटाच्या वरच्या पायऱ्या.

शिष्य धावत वर गेला. शरमेने त्याचे कान तापले होते. "आबा, सगळ्यांसमोर माझी अशी शोभा कशाला? मला घरी बोलावून सांगायचं होतंत."

"घरी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. मला ऐकवायचं नव्हतं, दाखवायचं होतं," आबा म्हणाले. त्यांनी गोधडीचे एक टोक उचलून त्याच्या हातात दिले. "धर. जड आहे."

त्याने टोक धरले. दोघांनी मिळून ती ताणून उघडली. ठिगळांनी गच्च शिवलेली, बारीक धावदोऱ्याच्या ओळींची गोधडी. मधोमध वेगवेगळ्या रंगांचे सात लांब पट्टे होते: एक केशरी, एक गुलाबी, एक विटलेला अंजिरी...

खाली सदरा पिळत उभा असलेला व्यापारी एकदम थबकला. "ही आमची हाय," तो म्हणाला. "ही आमच्या घरातली वाकळ हाय. आबा, ही तुमच्याकडं कशी?"

"तुझ्या आईनं दिली. सकाळपासनं दाराबाहेर बसलीय बाई."

व्यापारी जवळजवळ पळतच दाराशी गेला. मागोमाग सगळे. बाहेर भिंतीच्या अरुंद सावलीत पंधरा-वीस बायका ओल्या गोधड्यांच्या ढिगांशेजारी बसल्या होत्या. त्यांच्या मध्ये त्याची आई, हौसाक्का. रावजी पैलवानांची ती विधवा. वय ऐंशीच्या घरात, पण पाठ अजून ताठ.

"आये, तू हितं? आणि मला निरोप नाही?"

"तुझा राखणदार म्हणाला, आत जायचं न्हाई, मालकाचा हुकूम." हौसाक्का शांतपणे म्हणाली. "म्हटलं मालक माझ्याच पोटचा हाय, आज न्हाई तर उद्या बाहेर येईल. बसलो."

बायका पदराआड हसल्या.

"अगं, तू नाव सांगितलं असतंस तर त्यानं तुला आत सोडलं असतं!"

"सोडलं असतं की. माझ्या नावानं मी आत आले असते. ह्या बाकीच्या बायांनी कुणाच्या नावानं यायचं?"

व्यापाऱ्याने त्या बायकांकडे पाहिले.

आबा आणि शिष्य गोधडी दोन टोकांना धरून बाहेर आले. हौसाक्काने त्या केशरी पट्ट्यावर हात ठेवला. "हे काय हाय ठाऊक हाय का तुला? तुझा बाप जिंकला की गाव त्याला नवा फेटा बांधायचं. नवा आला की जुना मी ह्या वाकळेत घालायची. सात फेटे हायेत. दरसाल घट बसायच्या आधी ही घाटावर पसरली की येणारं-जाणारं माणूस उभं राहायचं. म्हणायचं, ह्यो अमक्याला पाडला तवाचा, ह्यो तमक्याला. तुला जी कुस्ती आठवती, ती तू पाहिलेली न्हाईस, लेकरा. ह्या वाकळेजवळ उभं राहून ऐकलेली हाईस."

व्यापारी दारावर कोरलेल्या नावाकडे पाहत राहिला. त्याच नावाचे सात फेटे ओलेचिंब होऊन दाराबाहेर होते.

आता शिष्याने मान खाली घालून विचारले, "आबा, माझं चुकलं कुठं? मी फेट्याचीसुद्धा उंची धरली होती."

"डोक्यावरचा फेटा तुला दिसला, खालची मांडी दिसली नाही," आबा म्हणाले. "वस्तादांचा गुडघा कुणाच्या मानेत गेला म्हणे, मघाशी दाराशी राखणदार हसत सांगत होता. तुझ्या शाळेत मोजलेला माणूस खुर्चीवरचा होता. इथला मांडी घालून बसतो, लेकरू मांडीवर घेतो, दुपारी तिथंच आडवा होतो. त्याला मोजायला पट्टी चालत नाही." त्यांनी हातातले टोक किंचित हलवले. "ही चालते. वाकळ म्हणजे इथल्या माणसाचं माप. एका माणसाला निजायला, दोघांना बसायला, पोराला लोळायला लागेल तेवढी जागा."

मग ते भिंतीखाली अर्ध्या गाडल्या गेलेल्या घाटाकडे वळले.

"हा घाट कशासाठी बांधला असेल? धुण्यासाठी? पूजेसाठी? होडी लावायला? कुस्ती बघायला? तुझा आजा इथं पोहायला शिकला. वस्तादांचं लग्न इथल्याच पायरीवर बसून ठरलं. बांधणाऱ्यानं ह्यातलं काहीच ठरवलं नव्हतं, पोरा. त्यानं पायरी माणसाच्या बसण्याएवढी ठेवली आणि वर दार लावलं नाही. एवढंच. पुढं लोकांनी त्यात आपापलं जगणं आणून बसवलं, म्हणून इतक्या पुरांत घाट टिकला. माझ्या दगडानं नव्हे. ज्या जागेची रोज गरज पडते, ती जागा गाव पडू देत नाही. तू तीन दिवसांचं मैदान बांधलंस आणि उरलेलं वर्ष दाराबाहेर बसवलंस."

नदीवर कुणीतरी धुणे आपटत होते, तेवढाच आवाज.

शिष्याला एक जुनी गोष्ट आठवली. दूरच्या त्या विद्यालयात त्याचे एक अध्यापक सांगत की, उद्याचे क्रीडांगण खेळ नसलेल्या दिवशीही नांदते असायला हवे, ते गावाचे अंगण व्हायला हवे. त्याला तो विचार इतका नवा, इतका उदात्त वाटला होता की, त्याने वहीत लिहून घेतला आणि खाली दोन रेघा ओढल्या. तो विचार त्याच्या स्वतःच्या गावात केव्हाचा दगडात बांधलेला होता. जगाला जे उद्या शिकायचे आहे, ते आपल्या निरक्षर पाथरवटांनी कधीच करून ठेवले होते. आणि त्याच दगडावर त्याने भिंत उभारली होती.

त्या क्षणी त्याला लाज वाटली, हे खरे. पण त्याहून मोठे काहीतरी त्याच्या छातीत भरून आले. आपण रिकाम्या हातांच्या लोकांना काही द्यायला आलेलो नाही. आपण भरल्या घरी परत आलो आहोत, असे त्याला वाटले.

"शेठ," तो व्यापाऱ्याला म्हणाला, "हे पाडावं लागेल."

"काय, भिंत?"

"भिंत, आणि पायऱ्याही. एकवीस आहेत, त्यांच्या आठ करायच्या. तीन-तीन हात रुंद."

"सगळी बाजू पाडायची? लोकं काय म्हणतील?" व्यापारी चिडला. "आणि आठच पायऱ्या? शेठनं धुणं वाळवायला मैदान बांधलं म्हणून हसत्याल मला!"

"हसू देत की," हौसाक्का म्हणाली. "तुझा बाप कुस्ती जिंकला की मातीच्या अंगानं घाटावर जाऊन पडायचा. गाव भवती बसायचं. कुणी पाय चेपायचं, कुणी नुसतंच बघायचं. कुलपातल्या जागेत त्यो माणूस एक दिस निजला न्हाई. आन् तू त्याचं नाव कुलपावर घातलंस."

व्यापाऱ्याने राखणदाराकडे हात केला, किल्ली घेतली आणि ती शिष्याच्या हातात दिली. "चूक माझीबी हाय," तो म्हणाला. "पण आता पहिला घण तू घालायचास. तुझ्या हातानं."

"मीच घालणार होतो," शिष्य म्हणाला.

वस्ताद इतका वेळ ऐकत होते. ते पुढे झाले. "ते समदं खरं. पण हौदाची माती आमची. तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद पडती. तिथं कुणाचं धुणं, कुणाची कोंबडी आलेली मला चालायची न्हाई."

"माती तुमची, वस्ताद," आबा म्हणाले. "पायऱ्या गावाच्या. मधे गुडघाभर कठडा घालू. कठड्याला कुलूप लागत नाही, पण तो ओलांडायला माणूस लाजतो."

वस्तादांना ते पटले.

त्या दिवशी सगळ्या गोधड्या अर्धवट राहिलेल्या एका बाजूच्या मुरमावर वाळल्या. मातीचे डाग पडले, आणि बायकांनी शिष्याला त्याबद्दल मनसोक्त बोलून घेतले. त्याने ऐकून घेतले.

नवरात्राचे नऊही दिवस तो जुन्या घाटावर बसून होता. हातात टेप नव्हती. आबांनी आपल्या घरातली एक कोरडी गोधडी दिली होती. ती पायरीवर अंथरून तो पाहत राही. कुणी कसे बसते, कुणाला उठायला हात टेकावा लागतो, डोक्यावर घागर असलेली बाई कुठून चढते. घाटाच्या मोठ्या पायऱ्यांमध्ये ठराविक अंतरावर छोट्या पायऱ्या का आहेत, हे त्याला त्या नऊ दिवसांत कळले. मोठ्या बसायला, छोट्या चढायला. लहानपणी तो त्यांवरून रोज धावला होता आणि त्याने ते कधी पाहिले नव्हते.

दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याने घण उचलला. आपण बांधलेली पहिली भिंत आपल्याच हातांनी पाडणे सोपे नसते. पहिल्या घावाला भिंत हललीसुद्धा नाही. मजबूत बांधली होती. "पोरानं काम पक्कं केलतं बरं का," वस्ताद म्हणाले, आणि तालमीतले मल्ल पहारी घेऊन त्याच्या मदतीला उतरले.

वर्ष गेले. नवे मैदान उभे राहिले, पण उभे राहिले म्हणावे असे त्यात काही दिसत नव्हते. नदीचा घाटच जणू पाण्याकडे पाठ फिरवून हौदाभोवती वळत गेला होता. आठ रुंद पायऱ्या, त्यांत पेरलेल्या छोट्या पायऱ्या, वरच्या कडेला तीच जुनी चिंच. दार नव्हते. चारी रस्त्यांनी आत येता येत होते.

भाद्रपदाच्या अखेरीस एका सकाळी हौसाक्का आली. व्यापाऱ्याने स्वतः आपल्या खांद्यावरून ती ओली वाकळ आणली होती. राखणदाराने मागून टोक धरले होते, कारण आता राखायला दुसरे काही नव्हते. मधल्या पायरीवर ती पसरली. पुरती मावली. मग बाकीच्या आल्या. दुपारपर्यंत मैदानाच्या चहूअंगांना गावच्या गोधड्या पसरल्या होत्या: लुगड्यांच्या, धोतरांच्या, पोरांच्या अंगरख्यांच्या, सगळ्या घरांचे सगळे रंग एका वर्तुळात, आणि मधोमध तांबडी माती. सात फेट्यांजवळ माणसे थांबत होती. वस्ताद तालमीतल्या नव्या मुलांना बोटाने दाखवून सांगत होते, हा कुणाला पाडला तेव्हाचा.

दसऱ्याला कुस्त्या झाल्या. एकवीसच्या आठ झाल्या म्हणून लोक कमी मावतील, ही व्यापाऱ्याची भीती खोटी ठरली. एकेका पायरीवर पुढचा मांडी घालून बसला, मागचा उकिडवा, त्याच्याही मागचा उभा. फेट्यावरून फेटा, आणि प्रत्येकाची नजर हौदात. एका म्हातारीने मांडीवरचा नातू न उठवता शेवटची कुस्ती पाहिली. परगावच्या एका पाहुण्या मल्लाने घाम पुसत विचारले, "लई झ्याक मैदान. कुणाचं हाय?"

व्यापाऱ्याने तोंड उघडले. पण त्याच्या आधी वरच्या पायरीवरची एक बाई म्हणाली, "आमचं." पलीकडून हलगीवाला म्हणाला, "आमचं की." व्यापाऱ्याने उघडलेले तोंड हसण्यासाठी वापरले.

दसरा सरला. चार दिवसांनी शिष्य सकाळी मैदानावर गेला. कुस्ती नव्हती, सण नव्हता. एका पायरीवर पापड वाळत होते, दुसऱ्या टोकाला मुली लंगडी खेळत होत्या, चिंचेखाली दोन म्हातारे कशावरून तरी तावातावाने भांडत होते. तो उभा राहून पाहत होता, तेवढ्यात आबा आले. त्यांच्या खांद्यावर एक ओली गोधडी होती. वर्षभर शिष्याने माप म्हणून वापरलेली, चुन्या-मातीने माखलेली तीच. आज धुऊन आणलेली.

पायऱ्यांपाशी थांबून त्यांनी वहाणा काढल्या, जशा ते घाटावर उतरताना काढत, आणि गोधडी खांद्यावरून उतरवली.

त्यांनी सांगण्याआधीच शिष्याने दुसरे टोक धरले.

आपल्या गावात मैदान बांधणाऱ्याने आधी एवढेच विचारावे: सामना नसेल त्या दिवशी इथे कोण येऊन बसेल, आणि त्याला आत यायला कुणाचे नाव सांगावे लागेल?